नागपूर-पुणे रात्रीचं विमान रद्द, लेखी काही नाही, पैसे परस्पर 'क्रेडिट'मध्ये. पुढे काय करावं?

कंट्रोलर वर्धेकर

मंडळी, नमस्कार. लांबण लागणार आहे, पण सगळंच लिहितो, म्हणजे सल्ला देणाऱ्याला उलटतपासणी घ्यावी लागणार नाही.

माझी नोकरी सगळी एसटीत गेली, वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालो. स्टँडवर खिडकीमागे बसून माईकवर बोलणारा आणि पब्लिकच्या शिव्या खाणारा माणूस असतो ना, तो मी. त्यामुळे गाडी लेट होणं, रद्द होणं याचं मला काही नवल नाही. इंजिन आहे, बिघडणार. ड्रायव्हर माणूस आहे, त्याची ड्युटी संपणार. माझं गाऱ्हाणं दुसरंच आहे.

गेल्या महिन्यात नातवाच्या बारशाला पोरीकडे पुण्याला निघालो. रेल्वेत वेटिंग, आणि सौ.च्या गुडघ्यांना ट्रॅव्हल्सचा वरचा बर्थ झेपत नाही, म्हणून जावयांनी विमानाचं तिकीट काढून दिलं. सुटायची वेळ रात्री ९.४०. वर्ध्याहून दुपारीच निघालो. बॅगा दिल्या. व्हीलचेअर आधी सांगून ठेवली होती ती मिळाली, एक पोरगा सौ.ना थेट गेटपर्यंत घेऊन गेला. इथवर सगळं चोख.

मग बोर्डावर १०.१५ झळकलं. मग १०.५०. मग ११.३०. गंमत अशी की नवी वेळ यायची ती जुनी वेळ टळून गेल्यावर. माईकवर चकार शब्द नाही. काउंटरवर दोन पोरं आणि एक पोरगी, तिघंही आपल्याकडे न बघता स्क्रीनकडे बघून बोलणार. "सर, इनकमिंग एअरक्राफ्ट लेट आहे." कुठून येतंय? "सर, अपडेट येईल." कधी येईल? "सर, प्लीज सीट घ्या." तेवढ्यात पोरीचा फोन, "बाबा, आता बारा वीस केलंय का?" तिकिटावर मोबाईल नंबर तिचा, त्यामुळे मेसेज तिला. पुण्यात पाळण्याशेजारी बसून तिला कळत होतं, आणि गेटसमोर बसलेले आम्ही तिला विचारत होतो. आजूबाजूचे चारदोन लोकही मग मलाच विचारायला लागले, "काका, तुमच्या मुलीला काही आलं का?" रिटायर होऊनही कंट्रोलरकी सुटली नाही.

साडेअकराच्या पुढे खाणं आलं. कागदी कपातला उपमा. झाकण उघडलं की आत कोरडा रवा, वाळलेला मटार आणि कढीपत्त्याचं एक पान. गरम पाणी ओतून पाच मिनिटं झाकून ठेवायचं, असं वर लिहिलेलं. पण पाणी कुठाय? कॉफीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं, आतला मुलगा म्हणाला, "मशीन धुऊन ठेवली काका." काउंटरवर गेलो तर, "सर, हॉट वॉटरची प्रोव्हिजन आमच्याकडे नसते." म्हणजे चाळीसपन्नास माणसं हातात कोरडा रवा घेऊन बसलेली. सौ.ना शुगर आहे, जेवायच्या वेळा पाळाव्या लागतात. शेवटी तान्ह्या बाळाच्या एका आईने दुधासाठी थर्मासमध्ये ठेवलेलं पाणी ओतून दिलं. ते कोमटच होतं. रवा काही भिजला नाही, दाताखाली कचकच करत सौ.नी तो खाल्ला आणि मला म्हणाल्या, "भांडू नका, पोरंच आहेत ती." नाही भांडलो.

मध्यरात्र उलटल्यावर विमान रद्द. हेही पोरीच्या फोनवरच कळलं. काउंटरवर कारण विचारलं तर "ऑपरेशनल रीझन". मेसेजमध्ये कारण "खराब हवामान". आकाशात एक ढग नव्हता, आणि आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कंपनीचं विमान पुण्यालाच गेलं. मी म्हटलं, बरं, कारण कागदावर लिहून द्या. "कस्टमर केअरला मेल करा." पुढचं सीट कधीचं? परवा सकाळचं! बारसं उद्या. हॉटेल? "पॉलिसीमध्ये नाही सर."

आत गेलेल्या प्रवाशाला बाहेर पडायलाही कंपनीचा माणूस सोबत लागतो, सुरक्षावाल्यांच्या रजिस्टरात नोंदी होतात. ते सगळं होईपर्यंत व्हीलचेअरवाल्या पोराची शिफ्ट संपलेली. सौ. भिंतीला धरून चालल्या. बॅगा पट्ट्यावर आल्या, त्या घेऊन रात्री मनीषनगरला पुतण्याच्या घरी. परवाचं सीट नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीची दोन तिकिटं काढली, आधीच्या जवळजवळ दुप्पट भावात. पोचेपर्यंत नाव ठेवून झालं होतं.

आणि आता ॲप उघडलं तर आमचे मूळ पैसे कंपनीच्या 'क्रेडिट'मध्ये. कोणी विचारलं? आम्ही काय दर महिन्याला उडतो?

आमच्याकडे गाडी रस्त्यात बंद पडली तर कंडक्टर त्याच तिकिटावर मागच्या गाडीत प्रवासी बसवून देतो, तेव्हाच जागचा हलतो. गाडी रद्द झाली तर कंट्रोलर माईकवर सांगतो आणि खिडकीतच बसून राहतो. (पळून जावंसं वाटतं, तो भाग वेगळा.) एवढ्या चकाचक विमानतळावर आमच्यासमोर असा एकही माणूस नव्हता, जो म्हणेल, "मी इथला, मला विचारा."

तर जाणकारांनी सांगावं. रोख पैसे परत मिळतात का? नुकसानभरपाई म्हणून काही असतं का? आणि हे 'हवामान' खोटं आहे हे सिद्ध कसं करायचं?

माजी ग्राउंड स्टाफ

काका, तुमचा राग शंभर टक्के बरोबर, पण काउंटरच्या पलीकडून थोडं सांगते. मी हे काम बरीच वर्षं केलं, आता सोडलं.

काउंटरवरची मुलं बहुतेक वेळा विमान कंपनीची नसतातच. ग्राउंड हँडलिंगचं, म्हणजे काउंटर, बॅगा, गेट या जमिनीवरच्या कामाचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे असतं, गणवेश तेवढा विमान कंपनीचा. निर्णय होतात मुख्यालयातल्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये. स्टेशनवर, म्हणजे विमानतळावर, येतो तो फक्त स्क्रीनवरचा नवा आकडा. आम्हाला खरंच माहीत नसायचं. आणि माहीत असलं तरी आमच्या स्टेशनवर तोंडी ताकीद होती की 'क्रू नाही' हे दोन शब्द प्रवाशासमोर उच्चारायचे नाहीत, इनकमिंग लेट एवढंच म्हणायचं.

तुमच्या बाबतीत काय झालं असेल याचा माझा अंदाज सांगते. छोटी विमानं दिवसभर चारपाच शहरं करतात. सकाळी कुठेतरी चाळीस मिनिटं गेली की रात्रीपर्यंत त्याचे दोनअडीच तास होतात. रात्रीचं शेवटचं उड्डाण त्यात सापडतं, आणि तोवर वैमानिकांची ड्युटीची मर्यादा भरत आलेली असते. ती ओलांडता येत नाही आणि ओलांडू नयेच. २०२५ मध्ये त्यांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली, ते योग्यच झालं. राखीव क्रू ठेवणं हे कंपनीचं काम, आणि नागपूरसारख्या ठिकाणी तो बहुधा नसतोच. मग विमान उभं असतं, उडवायला माणूस नसतो.

खाणं बरोबर दोन तासांनी आलं ना? तो नियमच आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं द्यावं लागतं. कप वाटला की यादीत टिक लागते. पाण्याची टिक यादीत नसते.

कोथरूडचा काका

स्वस्तात तिकीट हवं आणि वर महाराजांसारखी बडदास्तही हवी, हे कसं जमायचं? जगभर बजेट एअरलाइन्स अशाच असतात. शिवाय नागपूर-पुणे रातराणी एसी बस आहेत की उत्तम.

कंट्रोलर वर्धेकर

@कोथरूडचा काका, दोघांचे साडेदहा हजार मोजले साहेब. साडेदहा हजारात गरम पाणी मागितलं तर ती बडदास्त होत असेल, तर मग हो, मागितली. बसचं म्हणाल तर सौ.चे गुडघे तुमच्याकडे पाठवतो.

@माजी ग्राउंड स्टाफ, ताई, उलगडा झाला. त्या पोरांवर माझा राग नव्हताच. क्रू नाही हे सरळ सांगितलं असतं तर मी स्वतः चार लोकांना समजावलं असतं. ड्युटी संपलेल्या ड्रायव्हरला गाडीवर बसवायचं नाही, हे मला कोणी शिकवायला नको.

ठाणे वकीलकट्टा

काका, क्रमाने घेते.

रोख परताव्याबद्दल शंकाच नको. परताव्याचे पैसे क्रेडिट शेलमध्ये (तुमच्या ॲपमधलं ते 'क्रेडिट', जे कंपनीच्याच पुढच्या तिकिटाला वापरता येतं) ठेवायचे की परत घ्यायचे हा हक्क प्रवाशाचा, कंपनी परस्पर ठरवू शकत नाही, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमात स्पष्ट आहे. क्रेडिट कार्डने भरले असतील तर रद्द झाल्यापासून सात दिवसांत कार्डवर परत यायला हवेत. तेव्हा जावयांच्या कार्डवर मागा. आणि त्या 'क्रेडिट'मधला एक रुपयाही तोवर वापरू नका, नाहीतर तुम्ही ते स्वीकारलंत असं म्हणतील.

भरपाई मात्र लोकांना वाटते तेवढी सरसकट नाही. रद्द झाल्याचं वेळेत कळवलं नाही, तर कंपनीने एक तर तुम्हाला मान्य होईल असं दुसरं विमान द्यायचं, नाहीतर पूर्ण परतावा आणि वर भरपाई. तुम्ही परवाचं सीट नाकारलंत, म्हणून तुमची बाजू भक्कम आहे. घेतलं असतंत तर हा मुद्दा बोथट झाला असता. आकडे असे: एक तासापर्यंतचं उड्डाण असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांचं असेल तर ७,५००, त्याहून मोठं असेल तर १०,०००. पण एक मेख आहे. हा आकडा किंवा तिकिटाचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते मिळतं. नागपूर-पुणे मधल्या गटात बसतं. तिकिटाची फोड काढून बघा. मूळ भाडं चार हजार निघालं तर माणशी चारच मिळतील, साडेसात नाही.

दुसरी मेख म्हणजे 'असाधारण परिस्थिती'. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षा, असं कंपनीच्या हाताबाहेरचं काही असेल तर भरपाई नाही. म्हणून तर मेसेजमध्ये हवामान लिहितात. तुम्हाला दिलेल्या दोन कारणांतली ही विसंगती हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. मुलीच्या फोनवरच्या सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, वेळ दिसेल असे. विमानतळावरच्या हवामानाची ठरावीक अंतराने नोंद होते, तिला मेटार म्हणतात, ती जुनी नोंद इंटरनेटवर सापडते. नागपूर आणि पुणे दोन्हींची त्या रात्रीची काढा. दुसऱ्या कंपनीचं विमान सुटलं त्याची नोंद फ्लाइटरडार२४ सारख्या साइटवर दिसेल. तिथे जुन्या तारखा फुकट फार मागे बघता येत नाहीत, तेव्हा उशीर करू नका.

क्रूची ड्युटी संपणं हे माझ्या मते असाधारण नाही. क्रूचं वेळापत्रक कंपनीच आखते. हे माझं मत, ग्राहक आयोगापुढे वाद घालावा लागेल.

हॉटेलबाबत तुमचं पारडं थोडं हलकं आहे. रात्री ८ ते पहाटे ३ मध्ये सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर राहणं आणि ने-आण कंपनीने करायची असते. रद्द झाल्यावरही पर्यायी विमानाची वाट बघणाऱ्याची सोय करायची असते, पण तुम्ही पर्याय नाकारलात. तरी 'पॉलिसीत नाही' हे उत्तर चुकीचं होतं, ते तक्रारीत जरूर लिहा. व्हीलचेअरचा मुद्दा तर ठळक लिहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर व्हीलचेअर न मिळाल्याने चालत निघालेले ८० वर्षांचे प्रवासी कोसळून वारले, तेव्हा डीजीसीएने त्या कंपनीला ३० लाखांचा दंड केला होता. त्यानंतर तरी हा विषय हसण्यावारी नेता येत नाही.

आता मार्ग. आधी कंपनीला मेल. उत्तर बरं नसेल तर त्यांच्या साइटवर नोडल अधिकारी (तक्रारींसाठी नेमलेला) आणि त्यावर अपील अधिकारी यांचे पत्ते असतात, तिथे. सोबत सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार. एअरसेवा निवाडा देत नाही, तक्रार कंपनीकडे ढकलते, पण क्रमांक मिळतो आणि गंमत म्हणजे मग उत्तरं जरा मराठमोळ्या नम्रतेने यायला लागतात. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइनही आहे. एवढं करून जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि तोही वर्ध्याचाच. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठे का असेना. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही (माझ्या पोटावर पाय, तरी सांगते), मुदत दोन वर्षं. दुसऱ्या तिकिटांचा वरचा खर्च आणि मनस्ताप डीजीसीएच्या नियमात बसत नाही, तो इथे 'सेवेतील त्रुटी' म्हणून मागायचा.

म्युनिकवासी

वकीलताईंचं वाचून इथल्याशी ताडून बघितलं. युरोपात हाच प्रकार झाला असता तर माणशी २५० युरो, तिकीट कितीचं का असेना. १५०० किलोमीटरच्या पुढे ४००, आणि युरोपाबाहेर ३५०० च्या पुढे ६००. मुख्य म्हणजे २००९ च्या न्यायालयीन निकालापासून तीन तासांहून जास्त उशिरालाही हीच भरपाई लागू आहे. भारतात नुसत्या उशिराला रोख काहीच नाही, हा मोठा फरक.

इकडून घरी जाणाऱ्यांसाठी एक व्यवहारी सूचना. हा कायदा युरोपातून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला लागू होतो, पण भारतातून युरोपात येताना फक्त युरोपियन कंपनीच्या विमानाला. आईबाबांना गणपतीनंतर इकडे आणलं तेव्हा मुंबईहून विमान अख्खी रात्र लांबलं. कंपनी युरोपियन होती म्हणून दोघांचे मिळून १२०० युरो मिळाले. आधी त्यांनी मैलांचे पॉइंट देऊ केले होते. बाबा म्हणाले, "आता या मैलांचं मी काय करू, मला घरी जायचंय."

सावंतवाडीकर

थोडं अवांतर. गोव्यात विमानतळ दोन, मोपा आणि दाबोळी. आमचं मोपाचं विमान रद्द करून "गोव्याच्याच" दुसऱ्या विमानात बसवलं. उपकार झाले म्हणून बसलो. उतरलो तर दाबोळी! मोपा आमच्या उंबऱ्यावर, दाबोळीहून घरी यायचं म्हणजे अख्खा गोवा ओलांडायचा, टॅक्सीवाल्याच्या भावात. काउंटरवर म्हणे, "सर, डेस्टिनेशन सेमच आहे ना?" तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. बदली तिकीट हातात आलं की ही तीन अक्षरं आधी वाचा, मग आभार माना.

कंट्रोलर वर्धेकर

मंडळी, उपकार आहेत. आतापर्यंत झालेलं सांगतो.

कंपनीला मेल टाकला. पहिलं उत्तर आलं ते "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे" छापाचं, त्यात माझं नावही चुकलेलं. मग वकीलताईंनी सांगितलं तसं क्रेडिट शेलचा नियम उद्धृत करून नोडल अधिकाऱ्याला लिहिलं आणि एअरसेवावरही नोंद केली. मग एका बाईंचा फोन आला, शुद्ध मराठीत, अकोल्याच्या निघाल्या. म्हणाल्या, परतावा कार्डवर टाकतो, शिवाय 'सदिच्छा म्हणून' दोन हजारांचं व्हाउचर देतो. मी म्हटलं, बाई, व्हाउचर नको, त्या रात्री विमान का रद्द झालं ते एका ओळीत लिहून द्या. त्या गप्प. मग म्हणाल्या, "काका, ते माझ्या हातात नाही." खरं बोलल्या, म्हणून त्यांना धन्यवाद दिले.

परतावा जावयांच्या कार्डवर जमा झाला. भरपाईला मात्र लेखी नकार आला, कारण पुन्हा हवामान. पुतण्याने दोन्ही विमानतळांची मेटार काढून दिली. ती आकडेअक्षरांची भाषा मला आधी आमच्या जुन्या लॉगशीटसारखी अगम्य वाटली, पण त्याने समजावलं. वारा मंद, दृश्यता चांगली, पावसाचं नाव नाही, दोन्हीकडे. दुसऱ्या कंपनीच्या विमानाची नोंदही मिळाली, सुटल्याच्या आणि उतरल्याच्या वेळेसकट.

सौ. म्हणतात सोडून द्या. मी सोडणार नाही, वर्ध्याच्या आयोगात टाकणार आहे. मूळ भाडं आणि इंधन मिळून माणशी ४,१०० निघतं, तेवढं, दुसऱ्या तिकिटांचा फरक, आणि व्हीलचेअर. ताई, एक शंका. तिकीट जावयांनी काढलं, मग तक्रार कोणाच्या नावाने? आणि माझ्याकडे कागद म्हणून बोर्डिंग पासच आहेत, ते चालतील का?

ठाणे वकीलकट्टा

तक्रारदार तुम्ही आणि काकू दोघं. पैसे दुसऱ्याने भरले तरी ज्याच्यासाठी सेवा घेतली तोही ग्राहकच असतो. जावयांचं दोन ओळींचं शपथपत्र आणि कार्डाचं स्टेटमेंट जोडा. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर घरबसल्या दाखल होईल.

कंपनीने भरपाई नाकारताना हवामानाचं कारण लेखी दिलंय, हे फार बरं झालं. आता त्यांना ते तिथे शाबीत करावं लागेल. तुम्ही त्या रात्रीची विमानाची आणि क्रूची नोंद हजर करण्याचा अर्जही सोबत द्या. थर्मास देणाऱ्या त्या बाईंचा नंबर घेतला असेल तर त्यांचंही शपथपत्र मिळवा, एका सहप्रवाशाचं म्हणणं फार उपयोगी पडतं.

बोर्डिंग पास चालतील, पण विमानतळावर छापलेला थर्मल कागदाचा असेल तर त्याच्यावरची अक्षरं उडतात. आजच दोन झेरॉक्स काढा.